विहीणबाई, मी आणि एक इंग्रजी नाटक

तीर्थरूप ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचं घोरणं थांबलं असेल तर कळव. (नसेल तर कळवू नकोस, झोप न झालेलं तुझं अक्षर मी ओळखते.)

इकडे आम्ही मजेत. चिरंजीवांचं लग्न ठरल्यात जमा आहे, पण ठरलं कसं ते निवांत बसून वाच. मुलगी बड्या सर्जनची, आपलं शिवणकामाचं दुकान, तेही जिन्याखालचं. त्यात चिरंजीव म्हणाले, त्यांच्याकडे जेवताना इंग्रजी नाटकांवर बोलतात. झालं! माझी पाचावर धारण बसली. कॉलेजात संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी नाटकाचा वर्ग चालतो, तिथे गुपचूप नाव घातलं. पाहते तो पहिल्या बाकावर साक्षात मुलीची आई! त्यांना कुणी सांगितलेलं, मुलाकडचे फार वाचतात. (आपण वाचतो ती छातीची न् कमरेची मापं, पण असो.)

नाटक हल्लीचंच, विलायतेतलं. मोलकरणीचा मुलगा इंजिनियर होऊन त्याच बड्या घरी जेवायला येतो, वाढायला आई, आणि दोघंही ओळख दाखवत नाहीत. सर म्हणाले, लेखकाची आईही मोलकरीणच. मुलाखतीत तो नुसतं म्हणायचा, ‘आई मोठ्या घरात होती.’ (खोटं कुठे बोलला बिचारा!) अर्धा वर्ग त्याला लबाड म्हणाला. विहीणबाई मात्र वहीचा कोपरा दुमडत बसल्या.

मग सरांनी प्रवेश वाचायला लावला. मी मालकीण, विहीणबाई मोलकरीण! मी नुसतं बसून ‘सूप गार आहे, परत न्या’ म्हणायचं. पण ताई, त्या ट्रे घेऊन उभ्या नि मी बसून, हे मला जमेचना. दर वेळी मी उठून ट्रेला हात लावायचे, सर ओरडायचे, “मालकीणबाई, बसा!” तिसऱ्यांदा दोघींच्या ओढाताणीत ट्रेमधलं, सूप म्हणून ठेवलेलं तांब्याभर पाणी सरांच्या टिपणांवर. लेखकाचं बालपण वाहून गेलं.

आम्ही दोघी फडकी घेऊन टेबलाखाली. तिथे त्या हळूच म्हणाल्या, “माझी आई वसतिगृहात भांडी घासायची. यांना ठाऊक आहे, जावांना नाही. त्या लेखकाला लबाड म्हणाले ते मलाच म्हणाल्यासारखं वाटलं.”

मी म्हटलं, “पीळ छान देता हो तुम्ही फडक्याला.” त्या अशा खदखदून हसल्या की सर खाली वाकून बघायला लागले. डोळे पुसत म्हणाल्या, “रविवारी चहाला या. पोरांचं ठरवूनच टाकू.” घरी येताना मला रस्ता कसा सरला कळलंच नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. माणसामाणसांत उच्चनीच नसतं हे आता मला पक्कं पटलंय. तरी रविवारसाठी तुझा मोत्यांचा सर पाठव. आणि गाडी. चालवायला भावोजीच येऊ देत. मात्र दारात उतरताना त्यांनी मला ‘बाईसाहेब’ म्हणावं आणि चहा होईपर्यंत गाडीतच बसावं.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच चिरंजीव सांगत आले, विहीणबाई शेजारणीकडे स्टीलचे साधे कप मागत होत्या, आम्हाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. काय बाई एकेकाची सोंगं! मोती मात्र पाठवच.