कागदाशिवाय नऊ कप

सोमवार, ३० मार्च. सकाळी ११.
लेक हुई मिन सुट्टीवर घरी, इपोहला आली. मेंदूच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून बापाचाही मेंदू तपासणार. म्हणते, पप्पा, ऑर्डर लिहून घेत जा. मी! या कॉफीच्या दुकानात एकतीस वर्षं कागदाशिवाय ऑर्डर घेणारा मी, फू! बायकोने कॉफी गाळता गाळता पैज ठरवली. रविवारपर्यंत गिऱ्हाइकाची एकही तक्रार नाही आली, तर कागद नाही. आली, तर हुई मिन ऑर्डर घेणार, मी कप विसळणार. लगेच कबूल.

मंगळवार, ३१ मार्च.
तक्रार शून्य. पोरीचं लेक्चर मात्र झालं. आत्ता ऐकलेलं ठेवायला मेंदूत म्हणे एवढंसं टेबल असतं. चारेक कप मावतात, पाचवा ठेवला की एक पडतो. घोकत राहिलं तर टिकतं, थांबलं की अर्ध्या मिनिटात साफ. सामान्य माणसांचं असेल तसं.

बुधवार, १ एप्रिल.
रोजचे ओंग मास्तर, त्यांचे रिटायर्ड दोस्त, एकूण नऊ. दुधाच्या तीन, बिनदुधाच्या दोन, बिनसाखरेची... घोकत निघालो, तेवढ्यात एकाने विचारलं, टॉयलेट कुठंय? सांगितलं. डोक्यात फक्त टॉयलेट उरलं. अंदाजाने नऊ कप नेले, ऐटीत ठेवले. कुणी हूं की चूं केलं नाही. याला म्हणतात अनुभव.

शुक्रवार, ३ एप्रिल.
तक्रार शून्य! संकल्प: ऑर्डर घेतल्यावर गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. सगळा घोळ गिऱ्हाईकच करतं.

रविवार, ५ एप्रिल.
छिंगमिंग, पितरांचा दिवस. पूर्वजांच्या कबरी झाडून सगळं गाव थेट दुकानात. एका बाईंच्या सासऱ्यांना शुगर. त्यांच्यापुढे मी कंडेन्स्ड मिल्कची कॉफी ठेवली. बाई ओरडल्या, डोकं घरी ठेवून येता का हो? म्हाताऱ्याने घोट घेतला नव्हता, नशीब. कप झटकन उचलला. बाई परगावच्या, त्यांची तक्रार पैजेत धरायची नाही, असं मी म्हणालो. धरली.

सोमवार, ६ एप्रिल.
विसळतोय. हुई मिनने कागद बघून मास्तरांच्या टेबलावर नऊ कप दिले आणि बोंब! एकही बरोबर नाही! हात न पुसता धावलो. म्हटलं, बघा, लिहून काय होतं! पोरीने कागद दाखवला. तिने ज्याचा कप त्यालाच दिला होता.

मास्तर ओशाळले. म्हणाले, चूक आमचीच गं. तुझा बाप पाठ फिरवून गेला की आम्ही कप आपसांत बदलून घेतो. अकरा वर्षांची सवय, आजही हात आपोआप फिरले. मी विचारलं, कधी बोलला का नाहीत? तर म्हणाले, अरे फू, तू इतका खुशीत असायचास.

बायकोकडे पाहिलं. ती मन लावून कॉफी गाळत होती. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. फार वाईट वाटलं.

मोरीवर चाळीसेक कप पडले होते. विसळले.