मोठ्या छत्रीचं तोंड

आप्पा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी उदगीरच्या आपल्या गच्चीवर चढले की मी टीव्हीच्या त्या मोठ्या छत्रीकडे नीट बघत नाही. पत्र्याची गोल छत्री अजून तशीच उभी आहे, मधोमध तीन दांड्यांवर एलएनबीची डबी. दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला झापलंत ते आठवतं. गिऱ्हाइकाच्या लहान छत्रीला मी मोठीचं तोंड लावलं होतं, आणि चित्र का येत नाही म्हणून तासभर नट पिळत बसले होते. एलएनबीचा पुढचा, सिग्नल गोळा करणारा भाग म्हणजे तुमच्या भाषेत तोंड. तुम्ही आलात, एकदा बघितलंत आणि माझ्या हातातून पाना काढून घेतलात. “अगं बये, परत्येक छत्रीचं तोंड येगळं असतंय. मोठी खोलगट, तिला रुंद तोंड पायजे, काठापस्तोर बघणारं. ल्हानीला निमुळतं. रुंद तोंड ल्हानीला लावलीस की ते काठाबाहेरची तापलेली भुई बघत बसतंय, अन् निमुळतं मोठीला लावलीस की नुसतं मधलंच बघतंय, काठ उपाशी. आक्कल गहाण टाकलीस का?” गिऱ्हाइकासमोर बोललात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा स्वतःचा पाना माझ्या उशाशी ठेवलात. आता नांदेडला आयटीआयत मी हेच शिकवते, तुमच्याच शब्दांत, आणि अख्खा वर्ग हसतो.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते, आणि आपल्या गल्लीत टँकरचा काही नेम नव्हता. त्याच उन्हाळ्यात तुमची उजवी बाजू गेली. जिना चढणं संपलं. तुमच्या दोनच गोष्टी उरल्या. सकाळी टीव्हीच्या कन्नड चॅनलवर लागणारी भक्तीची वचनं, कारण कन्नड ही तुमच्या आईच्या माहेरची भाषा. आणि नव्या जिल्ह्याची वाट बघणं. रविवारी नांदेडच्या एसटीतून उतरून मी उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच पलंगावरून विचारणा. “उदगीर जिल्हा झाला का गं?” “न्हाई आप्पा.” “होतंय बघ.” मला हसू यायचं. कधी कधी वैताग यायचा, तेही सांगून टाकते.

एकदा वळीव नुसताच गरजला, थेंब नाही पडला, पण मोठ्या छत्रीचं एलएनबी जळालं. घरात लहान छत्रीचं एक पडून होतं, तेच मी तारेनं बांधलं. मला, मास्तरीणबाईंना, कळत नव्हतं का? म्हटलं, आजच्यापुरतं चालवू. चित्र आलं ते चौकोन चौकोन होऊन, आवाज तुटत तुटत, आणि ऊन चढलं तसं तेही गेलं. मी गच्चीवर ते बेणं पुढं सरकवते आहे, मागं सरकवते आहे, खाली लाकडाची चीप घालते आहे. खालून तुमचा जड आवाज येतो आहे, “तोंड बघ गं, तोंड.” दिसत नसताना तुम्हाला कळलं होतं. केबल घेऊ या म्हटलं तर खवळलात. “जलमभर लोकायला चित्र दिलं, आता वायरवाल्याचं उष्टं खाऊ का?”

“पुढल्या रविवारी नांदेडहून रुंद तोंडाचं आणते,” असं मी कबूल केलं. पुढल्या रविवारी विसरले. त्याच्या पुढल्या रविवारी टँकर आला आणि सगळा दिवस घागरींत गेला. तिसऱ्या वेळीही रिकामी आले, आता कारणही आठवत नाही. चौथ्या रविवारी तुम्ही डाव्या हातानं टीव्हीकडे बोट केलंत, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आप्पा, ते चॅनलच बंद पडलंय.” तुम्ही बोट खाली घेतलंत. “बंद पडलं व्हय? बरं. तू जेव आधी.” त्यानंतर तुम्ही कधी टीव्ही लाव म्हणाला नाहीत. जिल्ह्याचं मात्र शेवटच्या रविवारपर्यंत विचारलंत. पाऊस लागायच्या आत तुम्ही गेलात.

तुम्हाला माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्याकडे केबल. “सकाळी ती वचनं लागली अन् आप्पाची लई आठवण आली बघ. मी म्हणलं होतं त्यन्ला, चालू हाय की ते चॅनल, आमच्याकडं चला, पोरं खुर्ची उचलून नेतेत. तर म्हणले, नगं. अन् लेकीला काय बोलू नका, ती लई लांबून येती.” काकूंनी पाणी दिलं ते घेतलं.

नांदेडला परतले त्याच दिवशी मी रुंद तोंडाचं एलएनबी घेतलं. दुकान एसटी स्टँडला लागूनच होतं. ते अजून खोक्यात आहे. उदगीरला निघताना दरवेळी पिशवीत घालते आणि तसंच परत आणते. हे पत्रही त्याच खोक्यात ठेवणार, दुसरीकडे कुठं धाडू? जिल्हा अजून झालेला नाही. आणि ते एलएनबी बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. बसवलं की चित्र येईल, ती वचनं लागतील, आप्पा, म्हणून मी बसवत नाही.