मूर्गोसचं हाड आणि माझा उपास

२७ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून ईस्टरपर्यंत उपास. मांस, अंडी, दूध बंद. यंदा गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या पालखीचा पुढचा दांडा माझाच. अकरा वर्षं नुसत्या मेणबत्त्या वाटतोय. आमचे पाद्री पापा-इलियास म्हणाले, उपास नीट पाळ स्टाथी, मग बघू. म्हणजे दिलाच.

१ मार्च
आमच्या कुत्र्याचे, मूर्गोसचे, दात पिवळे पडलेत; हाड चावलं की साफ होतात. कुत्र्याला हाड द्यावं ते कच्चंच. शिजवलेल्याच्या टोकदार कपच्या निघतात, आतडं फाटतं. शिवाय हाड मोठं हवं, गिळता येऊ नये; समोर बसून राहायचं, पंधरा मिनिटांनी काढून घ्यायचं. कॉफीच्या दुकानात सगळ्यांना समजावलं. सगळे पत्ते खेळत राहिले.

९ मार्च
खाटकाकडून बैलाच्या पायाच्या नळ्या आणल्या. मागे शेजारची आस्पासियाकाकू उभी. उपासात खाटकाकडे का रे, म्हणाली. कुत्र्यासाठी, म्हटलं. आमचे हेही कुत्र्यासाठीच न्यायचे, म्हणाली. त्यांच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

१० मार्च, दुपारी ४
पंधरा मिनिटं झाली. हाड मागितलं. मूर्गोसने दात दाखवले. दात पांढरे दिसले. उपाय लागू पडतोय.

११ एप्रिल
बायको, मारिगो, दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेलीय. फ्रीझरमध्ये एक नळी उरलेली. जुन्या हाडात जंतू असतात, म्हणून उकळली. कांदा आणि तमालपत्र जंतूंसाठीच. मग लक्षात आलं, आता ती कुत्र्याला देणं रिस्की. त्याच्या जिवापायी रस्सा मी प्यायलो. नळीतला मगज पावाला लावला. मगज चावावा लागत नाही, त्यामुळे ते मांस नव्हे. उपास शाबूत. नळी अंजिराखाली खोल पुरली.

१३ एप्रिल
काकूने चुगली केलीच. पापा-इलियासना शपथेवर सांगितलं, हाडं मूर्गोसची, आणि त्याला फक्त कच्चं देतो. पटलं त्यांना. पुढचा डावा दांडा माझा. आनंदाने जेवण गेलं नाही. सूटला इस्त्री केली.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे, दुपार
चर्चच्या अंगणात बायका पालखीला फुलं लावत होत्या. मूर्गोस आला, तोंडातली मातीने माखलेली नळी माझ्या बुटांपाशी ठेवली. देव पावला. मी मोठ्याने म्हणालो, बघा, कुत्र्याचंच हाड. काकू वाकली. अरे, पण हे शिजवलेलं आहे, म्हणाली, आत तमालपत्र अडकलंय. कोणी हसलं नाही. मारिगोने फुलांत मान घातली. पापा-इलियासनी मेणबत्त्यांची पेटी माझ्या हातात दिली.

फार वाईट वाटलं. तरी नळी लगेच काढून घेतली, शिजवलेलं देऊ नये. या वेळी मूर्गोसने मुकाट्याने दिली. आत खायला काही उरलंच नव्हतं.