गाठ ठेवली

पोंभुर्णा,
दि. ४ मार्च २०२५

चि. मुखरू,

तुले आन् बुधरीले आशीर्वाद. इथी सारे जिवंत आहो, त्याच्यावरची खुशाली काई नाई. तुही वहिनी गुडघे धरून बसते. तलावाचं पाणी उतरलं, येत्या रविवारी जाळं टाकून राह्यलो. तुहा मोडलेला पाय थंडीत दुखते का अजून? तिथी मुलचेऱ्याच्या बाजारात तुहे बंगाली गिऱ्हाईक मासोळीचे गलफडे उघडून पाह्यल्याबिगर पैसे काढत नसतील, मले माहीत आहे.

हे फोनवर सांगणार होतो. तीनदा लावला, तीनदा मासोळीचा भाव बोलून ठेवून देला. म्हणून कागद घेतला.

रविवारची पहिली ओढ देवाची, त्या जाळ्यात आलेल्या मासोळीचा पैसा देवळाले जाते. औंदा मच्छीमार सोसायटीनं ती ओढ नागपूरच्या एका प्रयोगशाळेले द्याचं ठरवलं. तिथी डोक्यातल्या गाठीवर औषध शोधून राह्यले, आन् त्याहिचा पैसा सरला. बिरजू आता अध्यक्ष आहे. तो म्हणे, देवाची मासोळी बाटल्यात घालता का? मग मी उठलो, म्हणलं, माही पुतणी त्याच रोगानं गेली. मग बिरजूनंच पहिला हात वर केला. तुह्या रुपालीच्या नावाले गाव आडवं येत नाई, चार वर्षं झाले तरी.

तिथली माधवी डॉक्टर रविवारी येणार आहे. माइकवर रुपालीचं नाव घेणार आहे. म्हणून तुले आधी सांगणं भाग आहे.

रुपालीच्या आपरेशनच्या दिवशी तू पाय मोडून खाटेवर होता, सही मलेच करा लागली. हीच माधवी कागद घेऊन आली. म्हणाली, "काका, गाठ ठेवायची आहे, सही करा." मले वाटलं, पोरीच्या डोक्यातच ठेवते. मी भडकलो. "ठेवता काऊन? सगळी काढा!" म्हणून वरांड्यात वरडलो. नर्सा धावत आल्या. मग तिनं समजावलं का काढलेली गाठ फेकायची नाही, अभ्यासासाठी ठेवायची. मले एवढी लाज वाटली का पुढचं काई न विचारता सही केली. भावाले विचारतो, एवढंबी तोंडून निघालं नाई.

पाचव्या दिवशी रुपाली गेली. गाडीतून उतरवली तवा तू मले एकच विचारलं, "दवाखान्यानं तिचं काई ठेवून तं नाई घेतलं?" आपल्यात माणूस पुरा गेला पाह्यजे. मी म्हणलो, "नाई."

ठेवलं होतं, मुखरू.

त्या गाठीचे तुकडे शिशीत वाढवले आन् त्याच्यावर औषधं लावून पाह्यली म्हणे. एका औषधानं गाठीची वाढ थांबली, पण शिशीत. आता थोड्या रोग्यांले ते देऊन राह्यले. कोणी वाचलं का, म्हणून मी विचारलं. "अजून सांगता येत नाही, काका," म्हणाली. खोटं बोलली असती तं तिले गावात येऊ देलं नसतं. खोटं बोलाले मी एकटा पुरे आहो.

परत मागावं म्हणलं तं तेबी होत नाई. वाढवलेली गाठ दुसऱ्या शहरांतबी धाडली आहे. जी पोरगी नागपूरच्या पुढं गेली नाई, तिची गाठ मुंबई न् बंगलोर पाहून राह्यली. हसू का रडू समजत नाई. थकलो रे. जेवाले बसलो का तुहा तो प्रश्न ताटात येऊन बसते.

नाव घ्याचं का नाई, ते तू ठरव. तू नाई म्हणला तं कोणी घेणार नाई. बुधरीले हे वाचून दाखवाचं का, तेबी तूच पाह्य. देवाच्या ओढीचा मान आपल्या घरचा, दोन दोर, दोन भाऊ. माह्या बाजूचा दोर मी धरीन. तुह्या बाजूले कोणाले उभं करणार नाई, मग जाळं पाण्यातच राह्यलं तरी चालते.

चार वर्षं तुह्यापासून खरं ठेवून घेणारा,
तुहा भाऊ,
दादाजी