घोडी ठणठणीत आहे

१२ फेब्रुवारी, रविवार
सकाळचे नऊ

चिरंजीव मेव्हणेबुवांस,

टण टण टिक्, टण टण टिक्. दोन ठोके तापलेल्या नालेवर, तिसरा हलकेच ऐरणीवर. आज तोंड धुता धुता हा आवाज आठवला आणि टॉवेल हातातच राहिला. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली असतील. मी तुमच्या वडिलांकडे घोड्याला नाल ठोकून घ्यायला आलो होतो. तू काजळी फासलेल्या तोंडाने भात्यापाशी बसला होतास आणि तुझी बहीण मला म्हणाली, आधी घोडा धरा, कविता नंतर धरा. मी घोडा घरी नेला. वर्षभराने तीही आली. त्या दिवशी मी तुझ्या वडिलांचे ठोके भुजंगप्रयात वृत्तात बसवायला बघत होतो. बसले नाहीत. तिसऱ्या, हलक्या ठोक्यापासून सुरुवात केली असती तर चपखल बसले असते, हे आज कळलं.

अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम आहे. तुझी बहीण माझ्यावर रोज चिडते, म्हणजे तिची तब्येत उत्तम. पागेत आता पाचच घोडे. मौनी म्हातारा झाला. कोवळ्या उन्हात डोळे मिटून उभा राहतो, निवृत्त हेडमास्तरासारखा. आणि तू न पाहिलेली एक बया आहे, चुळबुळी. तीन वर्षांची, तांबूस, कपाळावर बोटभर पांढरं. वर्षभर मी तिला लांब दोरावर गोल फिरवून शिकवतोय. आता शब्दावर थांबते, शब्दावर वळते. मागच्या महिन्यात तिने पहिल्यांदा पाठीवर माणूस घेतला आणि रोजचंच असल्यासारखी चालू लागली. मी कुंपण धरून रडलो. तुझी बहीण म्हणाली, लेकीच्या लग्नात डोळे कोरडे होते ते यासाठी राखून ठेवले होते वाटतं.

मग एके दिवशी दुडक्या चालीत तिचा पुढचा उजवा पाय मला कमी ऐकू आला. मी घोडा डोळे मिटून तपासतो, तुला माहीतच आहे. शाळेत गुरुजी बाकावर टिचकी वाजवून वृत्तं शिकवायचे आणि मात्रा चुकली की तीच टिचकी आमच्या डोक्यात. तेव्हापासून कान तयार. निरोगी घोड्याची दुडकी म्हणजे टप टप, टप टप, अगदी समसमान. लंगडा घोडा मात्रा गाळतो. चुळबुळी गाळत होती. मी तिला ठाणबंद केली, पायाला पट्ट्या बांधल्या. चार दिवसांत तिने लाथा घालून दाराच्या फळ्या खिळखिळ्या केल्या आणि माझ्या टोपीचा काठ खाल्ला.

परवा जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. खूर चिमट्याने दाबले, सांधे वाकवले, तिला फरसबंदीवर पळवली. म्हणाल्या, पुढचा पाय दुखत असता तर तो टेकताना हिने डोकं वर उचललं असतं. हिच्या डोक्यावर भरलेला पेला ठेवा, थेंब सांडायचा नाही. मी म्हटलं, बघू नका, ऐका. तेव्हा बाईंनी माझे खांदे धरून मला पाठमोरा उभा केला आणि घोडी पुन्हा पळवायला सांगितली.

"आता कुठला पाय?"

मी म्हणालो, डावा. मी तोंड फिरवलं तसा घोडीच्या लंगडण्यानेही पाय बदलला. मग त्यांनी मौनीला पळवला. तोही लंगडा. पाचही लंगडे निघाले.

"काका," बाई म्हणाल्या, "घोडी ठणठणीत आहे. लंगडतोय तो तुमचा उजवा कान."

हस, हस. तुझी बहीण अर्धा तास हसत होती, पीठ मळलेल्या हातांनी डोळे पुसत.

इथेच आटोपणार होतो. चुळबुळीला पहिली नाल ठोकायची आहे, तिच्या पायाला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, तरी सवडीने येऊन जा, एवढं लिहून सही करायची. तशी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली.

तीन वर्षांपूर्वी तू मौनीला नाला ठोकल्यास आणि दुसऱ्या दिवशी मला त्याच्या चालीत मात्रा कमी ऐकू आली. घोडेस्वारी शिकायला आलेल्या सगळ्या मंडळींसमोर मी तुला म्हणालो, खिळा मांसात घातलास, हात थरथरतो तुझा, आता हे काम सोड. तू ऐरण गाडीत चढवलीस आणि गेलास.

आता तू म्हणशील, भावोजी कानावर खापर फोडून मोकळे झाले. नाही रे. कानाचं परवा कळलं. पण तू गेलास त्याच दुपारी मी नाल उपटली, एकेक खिळा भिंगातून पाहिला, खुरातली भोकं तपासली. रक्त नाही, ओल नाही. सगळे खिळे जिथून जायला हवेत तिथूनच गेलेले. तुझी चूक नव्हती हे मला तुझी गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तासाभरात कळलं होतं. आणि मी तीन वर्षं गप्प बसलो. शंभर कविता तोंडपाठ असलेल्या माणसाला 'चुकलो' ही तीन अक्षरं म्हणता आली नाहीत.

लिहिलं एकदाचं. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू. बाहेर चुळबुळी उन्हात लोळतेय, चारी पाय आभाळाकडे, आणि मलाही तसंच करावंसं वाटतंय. फक्त नंतर उठवायला माणूस लागेल.

तुझी बहीण आत येऊन सांगतेय, गाडी आली. मला काही ऐकू आलं नाही. खिडकीतून पाहतो तर तू. सदऱ्याची बटणं वरखाली, केस विस्कटलेले, धावत येतोयस. हिला विचारलं, हा कसा काय? तर म्हणते, मीच फोन केला, म्हटलं यांनी अंथरूण धरलंय.

"अगं, मी?"

"मग काय करू? दोन दिवस नुसते कागद फाडताय."

तू अंगण ओलांडलंस. पागेकडे मान वळवूनही पाहिलं नाहीस. ऐरण आणली नाहीस, हातोडा नाही, हात रिकामेच. म्हणजे तू घोडीसाठी आलेला नाहीस.

आता तू उंबऱ्यात धापा टाकत उभा आहेस आणि मला धडधाकट, हातात पेन धरलेला पाहून शिव्या घालायच्या बेतात आहेस. डाव्या बाजूने घाल, तिकडून छान ऐकू येतात. पण आधी हा कागद घे. तोंडाने मला अजूनही जमायचं नाही. चहा होईपर्यंत तिथेच उभ्या उभ्या वाच.

चुकलेला,
तुझा भावोजी