ज्याचं त्याचं मनगट

कोरमंगला, बेंगळुरू
१८ नोव्हेंबर २०२५

ती. श्रीरंगमामांस,
कस्तुरीचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या पीजीपासून चामराजपेट नऊच किलोमीटर, पण इथल्या ट्रॅफिकच्या कृपेने तुमच्यापर्यंत पत्र माझ्याआधी पोचेल. शिवाय फोनवर तुम्ही पहिला प्रश्न आईला सांगितलं का हाच विचारता. नाही सांगितलं. नागपूरला तिला इतक्यात कळवू नका.

शंतनुचा आणि माझा स्कूबाचा कोर्स मुरुडेश्वरला पुरा झाला. डिसेंबरात पुन्हा नेत्राणी बेटावर जायचंय, त्याआधी डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचाय. तो मनगटावर घड्याळासारखा बांधतात. पाण्याखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरत जातो. फार मुरला आणि वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होतात. किती खोल आहोत, अजून किती मिनिटं थांबलं तर चालेल, हे तो दाखवतो.

तीन डोळ्यांपुढे आहेत. एक रंगीत पडद्याचा, फोनशी बोलणारा. एक साधा, मोठ्या आकड्यांचा, दिसायला अगदी सरकारी. तिसरा शंतनुच्या ऑफिसातल्या अभिराजचा जुना. शंतनुचं म्हणणं, आपण दोघांत रंगीत एकच घेऊ आणि आलटून-पालटून बांधू. तुम्ही निकाल द्या.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू द्यावा.
तुमची कस्तुरी

चामराजपेट
२२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कां. कस्तुरी हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

‘सौ. कां.’ लिहून ठेवलं आहे. फेब्रुवारीतल्या मुहूर्तापर्यंत वधूवरांनी पाण्याच्या वर असावं, एवढीच अपेक्षा.

तिन्ही यंत्रांची माहितीपुस्तकं छापून आणली. तीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर भाष्याशिवाय ग्रंथ वाचायची सवय मोडते, आणि या ग्रंथांना भाष्यकार नाही. म्हणून प्रत्येक दोनदा वाचला. लग्नाच्या याद्या मी इतक्या मन लावून कधी वाचल्या नाहीत, असा तुझ्या मामीचा शेरा आहे. सरी, इथल्या भाषेत ‘असू दे’.

फोनशी बोलणारं यंत्र नको. समुद्राच्या तळाशी तुला कोणाशी बोलायचं आहे? अभिराजचं तर मुळीच नको. त्याची बॅटरी कोणत्या युगातली आहे हे त्यालाही ठाऊक नसेल. सरकारी दिसणारं घे. आकडे मोठे, बटणं दोन, बॅटरी आपली आपल्याला बदलता येते. घाबरलेल्या माणसाला वाचता येईल असंच यंत्र हवं.

आता मुख्य. पंचांग साऱ्या गल्लीत एक चालतं, कुंडली ज्याची त्याची. हे यंत्र म्हणजे कुंडली. बांधणाऱ्याच्या अंगात किती वायू मुरला हे ते मागल्या बुडीपासून धरून चालतं. मनगट बदललं तर त्याला पत्ता लागत नाही. तेव्हा प्रत्येकाचं वेगळं, आणि अदलाबदल नाही. शंतनुला सांग, आमच्या घरात जावई सगळ्यांत वाटून घेतात, हे यंत्र मात्र नाही.

नागपूरला मी आपणहून बोलणार नाही. पण तुझ्या आईने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

तुझा धाकात राहणारा,
श्रीरंगमामा

मुरुडेश्वर
रविवार, ७ डिसेंबर, दुपारी पाऊण

ती. मामा,
नमस्कार.

कॉल लागत नाहीत. हॉटेलच्या वायफायवर हे पान फोटो काढून पाठवतेय. टाइप केलं की शंतनु वाकून वाचतो. वहीत लिहिलं की त्याला वाटतं आजच्या बुडीची नोंद करतेय.

मी सरकारीच घेतला. त्याने मात्र हट्टाने अभिराजचाच आणला. सकाळच्या पहिल्या बुडीत एका पाकट माशामागे तो सगळ्यांच्या खाली गेला, बराच वेळ गेला, आणि वर येता येता त्याचा पडदा काळा झाला. आमचे शिक्षक दयानंद यांना तो बोलला नाही. बोलला असता तर त्यांनी बोटीवरच बसवलं असतं. मला बोट लागली होती, म्हणून मी दुसरी बुडी घेणार नव्हते. त्याने माझा मागितला.

मामा, मीच काढून दिला. तुमचं पत्र बॅगेत होतं तरी दिला. नुसता हट्ट संपावा म्हणून.

त्या यंत्राला माझी उथळ बुडीच ठाऊक. त्याने शंतनुला भरपूर मिनिटं दाखवली, आणि ती त्याने सगळी वापरली.

आता पडद्यावर विमानावर फुली आहे, म्हणजे अठरा तास विमानाने जायचं नाही. तो म्हणतो, आपण कुठे विमानाने जातोय, गाडी आहे. दोनला निघायचंय. उद्या नऊला त्याचं क्लायंटपुढे सादरीकरण आहे. पण किनाऱ्यावर आल्यापासून तो डावा खांदा चोळतोय. सिलिंडर उचलल्याने भरून आला असं म्हणतो. जेवलाही नाही.

मी उगाच घाबरतेय का?
कस्तुरी

चामराजपेट
७ डिसेंबर, एक वाजून पाच मिनिटं

कस्तुरी,

उगाच नाही. आज चेष्टा नाही.

ते चित्र विमानाचं असलं तरी मनाई उंचीची आहे. आपलं बेंगळुरू समुद्रापासून तीन हजार फुटांवर आहे. जन्मभर इथे राहून मलाही ते आठवावं लागलं, कारण इथून सगळं सपाट दिसतं. घाट चढला की हवेचा दाब उतरतो आणि अंगातले बुडबुडे वाढतात. शिवाय ते अठरा तास तुझी सकाळची बुडी धरून मोजलेत, त्याची नाही. त्याचे किती, हे आज कोणतंच यंत्र सांगू शकत नाही.

खांद्याचं मामाला विचारायचं नसतं. हे वाचून होताच दयानंदांकडे जा. काळा पडदा, अदलाबदल, दुखणं, सगळं सांग. लाजेपोटी एक शब्दही गाळू नको. त्यांच्याकडे ऑक्सिजन असेल, ते डॉक्टरांना फोन लावतील.

शंतनु रागावेल. रागावू दे. गाडी हलता कामा नये.

मामा

गोवा
१० डिसेंबर २०२५

ती. मामांस,
कस्तुरीचा शि. सा. न. वि. वि.

दोन ओळींच्या निरोपांवर तुम्हाला तीन दिवस काढायला लावले. आता सगळं सांगते.

तुमचं पान वाचून दयानंदांना शोधायला निघाले, तर ते दुसऱ्या बोटीवर होते, यायला वीस मिनिटं. इकडे शंतनुने सामान गाडीत टाकलेलं. मी त्याला उंचीचं सांगितलं. तो म्हणाला, तुझा मामा मनगटावर पंचांग बांधून पोहतो का. मग मी गाडीची किल्ली उचलली आणि सरळ समुद्रात जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. लोक बघत होते. तो काठावरून ओरडत होता की वेडी झालीस का, बाहेर ये. मला बोलवायला त्याने हात वर केला. डावा. तो खांद्याच्या वर गेलाच नाही.

त्याने पुन्हा करून बघितला. मग ओरडणं थांबवून वाळूत बसला आणि म्हणाला की सकाळी बोटीवरच दुखायला लागलं होतं.

दयानंदांनी ऑक्सिजन लावल्यावर दुखणं कमी झालं. फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे खांदा भरलेला नव्हता, बुडबुडेच होते. किनाऱ्याच्या रस्त्याने, एकही घाट न चढता, रुग्णवाहिकेने इथे आणलं. इथे पोलादी खोलीत बसवून हवेचा दाब वाढवतात आणि तासन्‌तास हळूहळू उतरवतात. तीनदा केलं. वर्तुळाकार काचेतून मी बघायचे. तो वाचायचं सोंग करायचा, पान उलटायचा नाही.

आईला मीच फोन केला. ती उद्या पोचतेय. तुम्हाला आधीपासून माहीत होतं हेही मी सांगितलं, तेव्हा तुमचा फोन वाजेल. उचला.

आज सकाळी डॉक्टरांनी शंतनुला दोन्ही हात डोक्यावर घ्यायला सांगितले. उजवा गेला. डावा अर्ध्यावर अडला, मग कानाजवळून हळूहळू वर गेला. डॉक्टर पुरे म्हणून निघून गेले, तरी तो हात वर धरून उभाच राहिला. मी त्याला खाली घे म्हटलं नाही.

रागवायचं असेल तेवढं रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमची कस्तुरी