भात्याला लावलेली खळ

अहो,

तुम्ही होता तोवर तुम्हाला चिठ्ठी लिहायची कधी वेळ आली न्हाई. अंबडला ड्युटीवर गेलात तरी चार दिवसांत परत यायचात. आता जाऊन सव्वा महिना झाला. आज लिहायला बसले, कारण सकाळी गफूरभाई आल्ते, आपल्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करतात ते. तुमची कॅमेऱ्यांची पेटी घेऊन जा म्हणून मीच बोलवल्तं. रागावू नका. ती डोळ्यांसमोर नको वाटते मला.

काय वेड होतं तुमचं! पोलीस ॲक्शननंतर नवाबी गेली आणि मोठमोठ्या घरांचं सामान बाजारात आलं. लोकांनी पलंग घेतले, हंडे घेतले. तुम्ही आणला बंद पडलेला कॅमेरा! आत्याबाई म्हणाल्या, माझा लेक तहसिलातला कारकून आणि शौक नवाबाचे. तुम्ही हसलात आणि माझ्या परातीत स्क्रू मांडून बसलात. मंग दर रविवारचं तेच. परात तुमच्याकडं, मी भाकरी ताटात थापायची.

मलाही शिकवलंत. कॅमेऱ्याचा तो घड्याघड्यांचा काळा भाता, त्याला भोक पडलं की आत उजेड शिरतो आणि फोटो जळतो. भोकावर कातड्याची पट्टी सरसानं चिकटवायची. माझी बोटं तुमच्यापेक्षा बारीक, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मला किती बरं वाटायचं!

नऊ वर्षांमागच्या श्रावणात भाता माझ्या हवाली करून तुम्ही अंबडला गेलात. मी सरस उकळायला घेतला तर आत्याबाई आडव्या आल्या. जनावराच्या हाडाकातड्याचा तो, श्रावणात चुलीवर बिलकुल चढवायचा न्हाई. तुम्ही येईपर्यंत थांबले असते तर काय बिघडत होतं? पण मला तुमची शाबासकी पाहिजे होती. मी कणकेची खळ शिजवली आणि पट्टी चिकटवून टाकली. तुम्ही आल्यावर अंधाऱ्या कोठीत भात्यात बॅटरी लावून पाह्यली. कुठून उजेड दिसला न्हाई. बराबर झालं, म्हणालात. खळीचं मी सांगितलं न्हाई.

दिवाळीत त्याच कॅमेऱ्यानं आपल्या कुसुमचा फोटो काढलात. ओट्यावर बसवलं होतं, नवा परकर, हातात अर्धी चकली. हलू नको म्हणलं की जास्तच हलायची. रोल धुवून औरंगाबादहून येईस्तोवर तिला देवी आल्या आणि ती गेली. फोटो आला तेव्हा तिला जाऊन आठ दिवस झाल्ते. परकराचा काठ दिसत होता, चकली धरलेला हात दिसत होता. तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग. चार वर्षांच्या लेकराचा तो एकच फोटो.

"माझाच हात चुकला," तुम्ही म्हणालात.

कुणाचा चुकला ते मला ठाऊक होतं. खळीला झुरळं लागतात हे कुठल्या बाईला कळत न्हाई? पण आज सांगीन, उद्या सांगीन, असं करता करता नऊ वर्षं गेली.

त्यानंतर तुम्ही पेटीला कुलूप घातलं. परात कायमची माझ्याकडं आली. मला 'कुसुमची आई' म्हणून हाक मारायचं सोडलंत. कधी वाटायचं, कळलंय यांना, म्हणून रागावलेत. मंग वाटायचं, कळलं असतं तर एकदा तरी बोलले असते. शेवटच्या दुखण्यात तुम्हाला पाणी पाजताना पार ओठांवर आल्तं माझ्या. तेव्हाही गिळलं. तुम्ही गेल्यावर हार घालायला तुमचा फोटो शोधला, तर एकही न्हाई. आणि घरात सात कॅमेरे!

आज गफूरभाईंनी तो कॅमेरा उघडला. भात्यावर माझी पट्टी नव्हतीच. दुसरी होती, सरसानं घट्ट बसवलेली. ही कुणी लावली, मी विचारलं.

"भाईंनीच. कातडं मी दिल्तं ना, भाभी," ते म्हणाले. "कुसुम गेली त्याच महिन्यात. खळ झुरळांनी खाल्ली होती, माझ्यासमोर खरवडून काढली. मी विचारलं, खळ कुणी लावली? तर बोलले, मीच लावली, आळस केला."

अहो, का? एकदा ओरडला असतात माझ्यावर! मी रडले असते, मोकळी झाले असते. तुम्हीही झाला असतात. मला वाचवलंत की कोंडून घातलंत, आता कुणाला विचारू? एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, नऊ वर्षं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राह्यलो आपण. तुमचा खूप राग येतोय मला. आणि माझा त्याहून जास्त.

सहा कॅमेरे गफूरभाई घेऊन गेले. हा ठेवलाय. आत्याबाई अजून आल्यागेल्याला सांगतात, माझ्या लेकाचा हात चुकला आणि नातीचं तोंड गेलं. आत्ता त्या आत माळ ओढत बसल्यात. ही चिठ्ठी संपली की उठते आणि त्यांना सांगते, खळ मी लावली. श्रावणाचं नाव काढणार न्हाई, त्यांना बोल लावणार न्हाई. उद्यावर टाकणार न्हाई, तुमची शपथ.

तुमची,
कुसुमची आई